'किमान चिंता' कोणाची?

स्वर्गीय नर्तक कोणाला आवडत नाही? नराचे शुभ्र अंग, वीतभराहून लांब शेपटीच्या फिती आणि उडता किडा हवेतच टिपण्याची लकब! मध्य प्रदेशाचा 'दूधराज' हा राज्यपक्षी तो हाच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्याच्यापुढे 'किमान चिंता' असा शेरा आहे. पण तो साऱ्या जातीपुरता. आपल्या गावच्या ओढ्याची हमी त्यात नाही. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले त्याचे वाटीएवढे घरटे बहुधा पाण्याजवळच्या सावलीत, फांदीच्या बेचक्यात असते. सुशोभीकरणाच्या नावाखाली ती झाडे तोडून काठाला काँक्रीट चढवले, तर यादी तशीच राहते, पक्षी मात्र जातो. मला वाटते, दुर्मीळांसाठी हळहळण्याआधी आपण आपल्या ओढ्याकाठची सावली तरी राखावी.