कुत्र्यासकट घर हवे
हवाई बेटांवर रेबीज नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला मायक्रोचिप, दोन लसी, रक्ततपासणी. कागद अपुरे असले तर १२० दिवसांपर्यंत सरकारी विलगीकरण, तेही पाळणारीच्याच खर्चाने. नियम रास्त आहे. पण मारझोडीच्या घरातून रातोरात निघणाऱ्या बाईने हे महिने आणायचे कुठून? कुत्रा मागे ठेवला तर राग त्याच्यावर निघणार, म्हणून कितीजणी निघतच नाहीत. प्राण्यांसह निवारा मिळावा यासाठी अमेरिकेने २०१८ साली कायद्यात अनुदानाची तरतूद केली. निवाऱ्यातून बाहेर पडून भाड्याचे घर शोधताना मात्र ‘प्राणी चालणार नाहीत’ हे ऐकावेच लागते. वास्तविक हवाईचा कायदा घरमालकाला प्राण्यासाठी एका महिन्याच्या भाड्याइतकी जादा अनामत घेऊ देतो. नुकसानभरपाई अशी आधीच हातात येत असताना सरसकट नकाराची मुभा त्याला कशासाठी? ती काढून घ्यावी.