मुळाशी राबणारे सोबती



पावसाळा आला की गावोगाव झाडे लावली जातात. भाषणे होतात, फोटो निघतात. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत किती रोपे जिवंत दिसतात? पाणी मिळाले नाही, जनावरांनी खाल्ले, ही कारणे खरीच. परंतु पुष्कळ रोपे पिशवीतूनच अशक्त येतात. युरिया टाकून उंच केलेले रोप दिसायला हिरवेगार असते. मुळे मात्र तोकडी. ते माळरानावर टिकत नाही आणि त्याच्याबरोबर पिशव्या भरणाऱ्या भगिनींची मेहनत व बचत गटाचे भांडवलही वाळून जाते. म्हणून या वेळी जिवाणू खतांची माहिती घेऊ.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात व हवेतला नत्र झाडाला देतात. १८८८ साली हॉलंडचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हे जिवाणू गाठींतून वेगळे केले. बाभूळ, शिरीष, करंज, सुबाभूळ यांना ते उपयोगी पडतात. चिंच, बहावा, गुलमोहर यांना शेंगा येतात, पण मुळांवर गाठी येत नाहीत. त्यांच्यासाठी रायझोबियम घेणे म्हणजे पैसे पाण्यात! तसेच हरभऱ्याचे पाकीट शिरीषाला चालत नाही. पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्यावे.

साग, कडुनिंब, आवळा यांना अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम द्यावे. जमिनीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करणारे जिवाणूही मिळतात. शिवाय मायकोरायझा नावाची बुरशी आहे. तिचे बारीक धागे मुळांपलीकडे पसरून स्फुरद व पाणी आणतात. पोर्तो रिको बेटावर पाइनची लागवड वारंवार फसली. योग्य बुरशी मातीत आल्यावरच ती झाडे वाढली.

आता कृती. शिरीष, सुबाभळीचे बी कठीण असते. गरम पाण्याची प्रक्रिया आधी करावी, बी थंड होऊ द्यावे, मगच जिवाणू लावावेत. नाहीतर ते मरतात. एक किलो बियाण्यास २५ ग्रॅम जिवाणू खत गार केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवून लगेच पेरावे. मायकोरायझा मुळांना भिडेल असे बियाखाली मातीत घालावे. बुरशीनाशक किंवा रासायनिक खत यांच्यात मिसळू नये. पाकीट उन्हात ठेवू नये. अंतिम तारीख उलटलेले घेऊ नये. कृषी विद्यापीठे व शेतकी महाविद्यालयांत चौकशी करावी.

हे खत म्हणजे जादू नव्हे. पिशवीत कुजलेले शेणखत हवेच, कारण उपाशी मातीत जिवाणूही उपाशी राहतात.

कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, हिशेब ठेवा. ५० पिशव्यांना खत द्या, ५० तशाच ठेवा. माती आणि पाणी सारखेच. तीन महिन्यांनी उंची मोजा, दोन्हींतले एकेक रोप उपटून मुळे धुऊन पाहा. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाहीत. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पैसे खर्च करायचे की नाही, ते तीच वही सांगेल.