इच्छास्वातंत्र्याचा निवाडा मेंदूच्या आलेखावर नको

माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही, मेंदू आधीच निर्णय घेऊन मोकळा होतो, असे हल्ली विज्ञानाचा हवाला देऊन सांगितले जाते. त्यासाठी बहुतेक वेळा बेंजामिन लिबेट यांच्या 1983 च्या प्रयोगाकडे बोट दाखवले जाते. हात हलवण्याची इच्छा झाल्याचे भान येण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली त्यांना दिसली. पण सामान्य माणूस ज्याला स्वतःची मर्जी म्हणतो, ती या निष्कर्षाने खोटी ठरत नाही. खरेदीखतावर सही करणारा ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली नसताना’ असे लिहून देतो, तेव्हा त्याला एवढेच म्हणायचे असते की धाक नव्हता, फसवणूक नव्हती आणि आपण काय करतो ते कळत होते. 1872 च्या करार कायद्याचे कलम 14 हेच पाहते: जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांमुळे दिलेली संमती मुक्त नसते. आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर असल्याचे मनोविकारामुळे ज्याला कळूच शकत नव्हते, त्याला भारतीय न्याय संहितेचे कलम 22 गुन्हेगार मानत नाही. कृतीमागे कोणतेही कारण असता कामा नये, अशी अट यात कुठेच नाही.

लोकांच्या कल्पनेचा हा अर्थ तपासूनही पाहिला गेला आहे. एडी नाहमियास आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांसमोर असे जग मांडले, की जिथे महासंगणक प्रत्येक कृतीचे अचूक भाकीत आधीच करतो. तरीही त्या जगात बँक लुटणारा माणूस स्वेच्छेनेच वागला, असे बहुसंख्यांनी सांगितले. यावर शॉन निकोल्स आणि जोशुआ नोब यांच्या 2007 च्या अभ्यासाचा आक्षेप येतो. सारे काही पूर्वकारणांनी ठरलेल्या जगात माणूस पूर्ण जबाबदार असू शकतो का, असे मोघम विचारल्यावर 86 टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. कुटुंबाची हत्या करणाऱ्याची गोष्ट सांगितल्यावर मात्र 72 टक्क्यांनी त्याला जबाबदार धरले. मग संतापाने लोकांचा विवेक झाकला गेला, असे म्हणावे का? हे स्पष्टीकरण पुरेसे नाही, कारण नाहमियास यांच्या अभ्यासात एका मुलाला वाचवणे आणि धावायला जाणे या कृतींबाबतही कौल तसाच होता, आणि तिथे संतापाचा प्रश्नच नव्हता.

कारणांच्या साखळीत असूनही माणूस आपल्या समजुतीने वागू शकतो, आणि ही क्षमता कमीजास्त होते. कर्जाचा फास, घरातला धाक आणि अज्ञान तिला आकसवतात. म्हणून इच्छास्वातंत्र्य आहे की नाही या वादापेक्षा, ते कोणाकडून आणि कशाने हिरावले जाते याची चौकशी न्यायालयांनी, शाळांनी आणि आपण सर्वांनी करावी.