तो हसत नाहीये!

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अ‍ॅक्सोलॉटल हसत नसतो. त्याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे. पाणी तापलं, पोट बिघडलं, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी चढली, तरी चेहरा तोच. तेव्हा फोटो बघून "किती खूश आहे गं!" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या पुण्याच्या भाचीने नुकताच एक अ‍ॅक्सोलॉटल दत्तक घेतला. आधीच्या मालकांनी देताना सांगितलं, "याचं काहीच करावं लागत नाही." तेव्हापासून अख्खं खानदान तिला तेच ऐकवतंय. ती रोज पाण्यात थर्मामीटर बुडवते, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, तर म्हणे नसते लाड!

मला हा "काहीच करावं लागत नाही" प्रकार मुळातच खोटा वाटतो. कुत्रा दारात उभा राहून भुंकतो, मांजर पायात येऊन ओरडते. हा प्राणी आवाज काढत नाही, एवढाच काय तो फरक. तक्रार ऐकू येत नाही याचा अर्थ तक्रार नाही असा होत नाही. त्याची भाषा वेगळी आहे: कल्ले पुढे वळणं, शेपटीचं टोक मुडपणं, खाणं सोडणं. ती वाचायला टाकीसमोर बसावं लागतं.

मूळ मुद्दा पाण्याचा. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, म्हणजे सुमारे २२४० मीटर उंचीवरच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं. २४ च्या वर पाणी सतत राहिलं तर तो आजारी पडतो. आता आपला मे महिना आठवा! टाकीवर पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण मुंबईच्या दमट हवेत तेही धड होत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर पाणी एकदम थंड, मग पुन्हा गरम, आणि तेही त्याला सोसत नाही. म्हणजे आपल्याकडे चिलर हवाच. चिलर परवडत नसेल तर प्राणीही परवडत नाही, इतकं साधं गणित आहे.

दुसरं, नवी टाकी भरली आणि सोडला, असं चालत नाही. त्याच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. भाचीने जुना फिल्टर तसाच, ओल्या स्पंजसकट आणला, म्हणून निभावलं. टाकीतले शोभेचे खडेही तिने काढून टाकले, कारण हा भक्ष्य तोंडाने ओढून घेतो आणि त्याबरोबर खडा गिळला तर तो आतड्यात अडकतो.

आता घरच्यांचे युक्तिवाद. काका म्हणतात, "पाय तुटला तरी नवा येतो, मग कसली काळजी?" काका, पाय परत येतो हे खरंच अद्भुत आहे, जगभरच्या प्रयोगशाळा त्यासाठीच याला पाळतात. पण जखम भरते म्हणून जखम व्हायला हरकत नाही, हा कुठला न्याय?

आत्या म्हणतात, "नामशेष होणारा प्राणी, आपण पाळला तर वाचेल." नाही हो आत्या. १८६४ साली मेक्सिकोहून ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला गेले आणि तेव्हापासून टाक्यांमध्ये यांची पैदास चालू आहे. टाक्यांत ते भरपूर आहेत. सोचिमिल्कोत मात्र १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० होते, ते २०१४ पर्यंत ३५ वर आले. कारणं? शहराचं सांडपाणी, आणि माणसांनी आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे. तिलापिया म्हणजे आपली उजनीची चिलापी! पुण्यातली काचेची टाकी त्या पाण्याला काय वाचवणार?

आणि सगळ्यात कडी म्हणजे, "नाहीच जमलं तर गावच्या विहिरीत सोड." सोचिमिल्कोचं वाटोळं अशाच "सोडून द्या" वृत्तीने केलं. इथे तर तो स्वतःच उन्हाने मरेल.

शिवाय हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. देणाऱ्याने हा विषयही काढला नव्हता, नोंदणीची धडपड भाचीच करते आहे.

प्राणी दत्तक घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्याला नकोसा झालेला जीव घरी आणणं हे चांगलंच काम आहे. पण हा दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे आज चौथीतलं पोर हट्ट धरेल आणि ते कॉलेज संपवून नोकरीला लागेल तेव्हाही टाकी धुवायची असेल. कोण धुणार, हे आजच ठरवा :-)

ज्यांना भाचीचं बघून हौस आली आहे त्यांनी एवढंच करा. मे महिन्यात दुपारी तीनला बादलीभर पाण्यात थर्मामीटर ठेवा. आकडा बघा. मग फोन करा.