संगणक मेला की मारला?

ग्रामीण शाळेतील एखादा जुना संगणक कळ दाबूनही सुरू होईना, की त्याच्या मृत्यूचा दाखला तत्काळ लिहिला जातो. यंत्र जुने झाले, नवे मागवा! हा निर्णय तांत्रिक भासतो. वस्तुतः तो आर्थिक आहे, आणि ज्या जनतेच्या पैशातून तो घेतला जातो तिच्या हिताचा तो नाही.

संगणकात मुळीच धुगधुगी नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच की त्याला वीज मिळत नाही. भिंतीवरचे सॉकेट, वायर व मागील बटण तपासायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. त्यानंतर पाळी येते ती एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीची. वीज बंद असताना ती मदरबोर्डपासून सोडवावी, तिच्या मोठ्या जोडणीतील हिरवी व एक काळी तार तुकड्याने जोडावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला नाही तर दोष बहुधा पेटीतच असतो. पेटी बदलण्यास काहीशे रुपये पुरतात. ती उघडू मात्र नये. वीज काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये घातक भार उरतो. पंखा फिरूनही पडदा काळाच राहिला, तर रॅम काढून तिचे संपर्क खोडरबराने पुसावेत.

बुलडाणा जिल्ह्यात घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशीपार जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारणतः निम्म्यावर येते. त्यात धुळीने कोंडलेला पंखा आणि विजेचा कमीअधिक दाब. येथे यंत्र बिघडणार हे आधीच ठाऊक असते. मग दुरुस्तीची तरतूद आधीच का नसते?

याचे उत्तर योजनांच्या रचनेत आहे. केंद्राने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची योजना आणली. महाराष्ट्रात ती ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने कंत्राटदारांकरवी राबविली गेली. कंत्राटाची मुदत पाच वर्षे. पुढे यंत्रे शाळेच्या गळ्यात. यंत्राच्या तारुण्याचा मोबदला कंत्राटदाराला, म्हातारपणाचा भार शाळेला! समग्र शिक्षेच्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. वीजबिल, स्वच्छता, किरकोळ डागडुजी सारे त्यातच. खरेदी हा भांडवली खर्च. तिला निविदा असते, उद्घाटन असते, छायाचित्र असते. दुरुस्ती हा महसुली खर्च. तिची फीत कोण कापणार?

यावर आक्षेप येतो की, जुन्या यंत्रावर नवी प्रणाली चालत नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, हे खरे. परंतु एका परदेशी कंपनीने तारीख ठरविली म्हणून लोखंड आणि तांबे निकामी होत नाहीत. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली अनेक जुन्या यंत्रांवर विनामूल्य चालतात. जी यंत्रे खरोखर संपली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेली पाहिजेत, भंगाराच्या हातगाडीवर नव्हे. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. पण सुटे भाग आणि शिकलेले हात नसतील तर हा हक्क कागदावरच राहील.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक नव्या खरेदीसोबत दुरुस्तीसाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तालुकावार दुरुस्ती केंद्रे उघडून स्थानिक तरुणांना रीतसर वेतनावर नेमावे. लेखी तपासणी झाल्याविना एकही यंत्र निर्लेखित करू नये.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन कुलूपबंद खोलीतील यंत्रे मोजावीत, प्रत्येकाचा दोष नोंदवावा आणि ती यादी ग्रामसभेत वाचावी. ज्या देशात बैलगाडीचा आख मोडला म्हणून कोणी गाडी जाळली नाही, त्या देशात एका पेटीपायी संगणक भंगारात जातो, हा यंत्राचा नव्हे, व्यवस्थेचा बिघाड आहे.