डबींत काय ठेवणार?

दरवर्षीं स्नेहसंमेलनाच्या सुमारास हस्तकलेचें प्रदर्शन भरतें, आणि त्यांतील कागदकामाच्या मेजापुढें पालकांची सर्वांत अधिक गर्दी होते. दागिन्यांच्या डब्या, पत्रें ठेवण्याचे भिंतीवरचे खिसे, लेखण्यांचे उभे डबे, भेटीच्या लहान पेट्या, लिफाफे, कंदील अशा नाना वस्तूंनीं तें मेज इतकें झगमगत असतें कीं, पाहणाऱ्याचे डोळे क्षणभर दिपून जावे. आम्हीही त्या मेजाचे जुने भक्त आहों. परंतु अलीकडे आमच्या भक्तींत थोडी शंका शिरली आहे; आणि ती शंका विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या मातापित्यांपुढें मोकळेपणानें मांडावी, असा आमचा विचार आहे.

शंकेचें मूळ आमच्याच एका चुकींत आहे, तेव्हां ती चूक आधीं कबूल केली पाहिजे. अशाच एका प्रदर्शनांत परीक्षणाचें काम आमच्याकडे आलें होतें. त्या दिवशीं आम्हीं पहिला क्रमांक एका अष्टकोनी पेटीला दिला. सोनेरी कागद, टिकल्या, झालर, झांकणावर कागदी गुलाब. तिच्यांत कांहींएक कमी नव्हतें. शेजारींच एका मुलीनें सदऱ्याच्या जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक बसकी पेटी ठेविली होती. आंत आडव्या-उभ्या पट्ट्या घालून बारा खण पाडिले होते, वरून वर्तमानपत्राचा कागद चिकटविला होता, आणि एक कोपरा अंमळ वांकडा होता. आम्हीं ती उचलून पाहिली देखील नाहीं. पुढें पावसाळ्यांत कोटाचें बटण लावून घेण्यासाठीं आम्ही एका शिंप्याच्या दुकानांत गेलों असतां शिलाईच्या यंत्राजवळ तीच पेटी दिसली. तो शिंपी त्या मुलीचा बाप होता. बारा खणांत बारा तऱ्हेचीं बटणें होतीं, आणि त्यानें मान वर न करतां हात घालून हवें तें बटण काढलें. मागाहून अष्टकोनी पेटीचीही आम्हीं चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, ती कपाटावर आहे तशीच आहे. झांकण अडकून बसल्यामुळें उघडत नाहीं, आणि उघडून आंत ठेवावें असें कांहीं कोणाला सुचलेंही नाहीं.

तेव्हांपासून कागदाची कोणतीही सुंदर वस्तु दिसली कीं आमच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच कीं, हिच्यांत ठेवणार काय? आमचें म्हणणें असें आहे कीं, हा प्रश्न परीक्षकानें शेवटीं विचारावयाचा नसून मुलानें कात्री हातांत घेण्यापूर्वीं विचारावयाचा आहे. आधीं ठेवावयाची वस्तु, मग तिचें माप, मग पुठ्ठा, मग घडी, आणि सर्वांच्या शेवटीं रंग. सुया ठेवावयाच्या असतील तर डबी उथळ हवी, नाहींतर बोटाला टोंचल्यावांचून सुई हातीं येणार नाहीं. आजोबांच्या चष्म्यासाठीं ती लांबट व आंतून मऊ असावी. बांगड्यांच्या डबींत मधोमध पुठ्ठ्याची एक नळी उभी केली, म्हणजे बांगड्या तिच्यांत ओवून राहतात व एकमेकींवर आपटत नाहींत. जो मुलगा एवढा विचार करतो, त्याच्या डबीला रूप बहुतेक आपोआपच येतें. जो सोनेरी कागदापासून आरंभ करतो, त्याला शेवटपर्यंत आपण काय करीत आहों याचा पत्ता लागत नाहीं.

आपल्याकडील जुन्या बायकांना हा क्रम कोणी पुस्तकांतून शिकविला नव्हता. लगद्याच्या टोपल्या आतां फारशा दिसत नाहींत. पण आमच्या लहानपणीं माळ्यावर त्या ओळीनें ठेविलेल्या असत. रद्दी कागदाचे बारीक तुकडे तीनचार दिवस पाण्यांत भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचें, मग ते पिळून उखळांत चांगले कुटावयाचे. त्यांत भिजवून वाटलेल्या मेथ्या मिसळावयाच्या. मेथ्यांच्या चिकटपणामुळें लगदा एकजीव होतो, आणि त्यांच्या कडवटपणामुळें टोपलीला कीड लागत नाहीं, अशी त्या बायकांची समजूत होती. नंतर पालथ्या पातेल्यावर ओलें फडकें पसरून त्यावर तो लगदा सारख्या जाडीनें थापावयाचा आणि उन्हांत खडखडीत वाळला म्हणजे सोडवून घ्यावयाचा. पातेलें कोणतें घ्यावें हें टोपलींत पापड राहणार कीं कुरडया, कीं देवाच्या वाती, यावरून ठरे. आंतून जुन्या पंचांगाचें पान लावीत. त्या पानावरच्या तिथी वाचतां वाचतां आम्हीं कितीतरी पापड चोरले आहेत. शोभेसाठीं कांठाला लाल कापडाची पट्टी असे. ती पट्टी देखील शोभेपुरतीच नव्हती. टोपली नेहमीं जेथें हात लागून झिजते, तेथेंच ती लाविलेली असे.

आतां थोडें कागदाच्या स्वभावाविषयीं लिहितों, कारण आमच्या मतें मुलांचीं निम्मीं कामें येथें बिघडतात आणि दोष मात्र त्यांच्या हातांना लागतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदांतील बहुतेक तंतु एकाच दिशेला पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सहज व स्वच्छ पडते. आडवी घातली तर कागद कुरकुर करतो, आणि जाड पुठ्ठा असेल तर कडेला फुटतो. दिशा ओळखण्यास कांहीं साधन लागत नाहीं. कागद न दुमडतां नुसता हलकेच वांकवून पाहावा, एकदां उभा आणि एकदां आडवा. ज्या बाजूनें तो कमी अडतो, ती त्याची घडीची बाजू होय. दुसरें असें कीं, ओला झालेला तंतु लांबींत फारसा वाढत नाहीं, पण जाडींत फुगतो. म्हणून खळ लाविलेला कागद आडवा पसरतो, आणि वाळतांना आंखडून खालच्या पुठ्ठ्याला ओढून धनुष्यासारखा वांकवितो. यावर पुस्तकें बांधणारांचा उपाय अगदीं सोपा आहे: जितका कागद बाहेरून लावावयाचा, तितक्याच वजनाचा आंतूनही लावावा, आणि दोन्ही कागदांच्या तंतूंची दिशा एकच ठेवावी, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होऊन पुठ्ठा सपाट राहतो. आमच्या त्या अष्टकोनी पेटीचें झांकण कां अडकलें याचा उलगडा बहुधा येथेंच आहे. सोनेरी कागद बाहेरून होता. आंतून पुठ्ठा उघडा होता, कारण आंत कोण पाहतो!

खळीविषयींही दोन शब्द सांगावेसे वाटतात. बाजारांतील नळींतला गोंद लवकर वाळतो, म्हणून घाईच्या माणसाला तो आवडतो. पण लवकर वाळतो म्हणूनच चुकलेला कोपरा पुन्हां सरळ करावयास तो सवड देत नाहीं. गव्हाच्या पिठाची किंवा चिंचोक्यांची पातळ खळ ही सवड देते, आणि शिकणाऱ्या हाताला तिची फार गरज असते. पुस्तकें बांधणारे कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत. पण मोरचूद विषारी आहे, मुलांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. लागेल तेवढीच खळ करावी आणि ती एकदोन दिवसांत संपवावी. चिकटविलेलें काम रात्रभर पाटाखालीं दाबून ठेवावें, व सकाळ होण्यापूर्वीं उचलून पाहूं नये. ही शेवटची गोष्ट मुलांना सर्वांत अवघड जाते असें आमचें पाहणें आहे.

ज्याला खळीचा खटाटोप नको, त्यानें नुसत्या घडीची डबी करावी. चौरस कागदाचे चारी कोपरे मध्यबिंदूस आणावे. त्यामुळें जो लहान चौरस होतो, त्याच्या चारी बाजू पुन्हां मध्यरेषेपर्यंत मुडपून उघडाव्या. मग समोरासमोरचे दोन कोपरे सोडवून भिंती उभ्या कराव्या, व ते कोपरे भिंतींवरून आंत वळवून तळाशीं बसवावे. २० सेंटिमीटरांच्या कागदाची डबी तळाशीं सुमारें ७ सेंटिमीटर व उंचीला साडेतीन सेंटिमीटर भरते; संक्रांतीच्या तिळगुळाचे चार लहान लाडू तिच्यांत नेमके बसतात. हें झालें झांकण. खालच्या डबीसाठीं कागद साडेएकोणीस सेंटिमीटरांचा घ्यावा, म्हणजे दोहोंत जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक राहून झांकण अडकतही नाहीं व निसटतही नाहीं. ज्यांना भूमिति रुक्ष वाटते, त्यांनीं २० चे ७ कसे झाले याचा हिशेब करून पाहावा. वर्गमूळाची गांठ तेथें पडेल. आपल्याच देशांतील टी. सुंदर राव यांनीं १८९३ सालीं मद्रास येथें कागदाच्या घड्यांतून भूमिति शिकविणारें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि जर्मनींतील नामांकित गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनीं त्याची वाखाणणी केली. तेव्हां कागदकाम हा केवळ रिकामपणाचा उद्योग आहे असें मानणाऱ्या पालकांनीं आपलें मत थोडें सैल करावें.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर एक कडू गोष्टही बोलून टाकतों. प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं अकरा वाजतां मातोश्री कात्री घेऊन बसल्या आहेत, पिताजी गोंद शोधीत आहेत, आणि ज्याच्या नांवाची चिठ्ठी वस्तूवर लागावयाची तो कुलदीपक स्वस्थ झोंपला आहे, हें दृश्य आम्हांस नवीन नाहीं. दुसरा एक प्रकार याहून चमत्कारिक आहे. "टाकाऊंतून टिकाऊ" हा विषय दिला कीं दुकानांतून नवा चकचकीत पुठ्ठा, नवी चमकी, प्लॅस्टिकचीं फुलें असा भारी भारी माल येतो. त्याची वस्तु होते. आणि आठवड्यानें ती केराच्या डब्यांत जाते. म्हणजे टिकाऊंतून टाकाऊ असेंच म्हणावयाचें! २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, तेव्हां कागदाला चांगले दिवस आले असें आम्हांस वाटलें होतें. पण कागदावर चमकीचा थर दिला कीं तो कागद धड कागदही राहत नाहीं, पुन्हां लगदा करण्याच्याही कामाचा राहत नाहीं.

आम्ही शोभेचे शत्रु आहों असें कोणीं समजूं नये. काश्मीरची कागदाच्या लगद्याची कला सर्व जगांत नांवाजलेली आहे. तिच्यावरील फुलापानांची कारागिरी पाहून मन थक्क होतें. पण त्या कलेचें जुनें नांवच कलमदानावरून पडलें आहे, म्हणजे लेखण्या ठेवण्याच्या साध्या पेटीवरून. आपल्याकडेही दौलताबाद व खुलताबाद यांच्यामध्यें कागझीपुरा हें हातकागद करणारांचें जुनें गांव आहे, आणि पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था स्थापन झाली. चिंध्यांपासून केलेल्या त्या कागदाला अंगचाच असा पोत असतो कीं, भेटीच्या पेटीवर त्याचा एक तुकडा लाविला तर दुसरें कांहीं लावावें असें वाटत नाहीं. तो महाग पडतो हें खरें. पण एक तुकडा पुरतो. ज्यांना तोही नको, त्यांच्या घरीं गेल्या वर्षाचीं नाताळचीं शुभेच्छापत्रें आणि लग्नाच्या निमंत्रणपत्रिका असतातच. तो पुठ्ठा उत्तम असतो, आणि छापलेली बाजू कोठें येऊं द्यावी व कोठें नाहीं हें ठरवितांना मुलाच्या दृष्टीची चांगली परीक्षा होते.

यासाठीं आमची एक सूचना आहे. संमेलनाच्या वेळीं प्रदर्शन भरवावें, परंतु त्या दिवशीं बक्षीस देऊं नये. मुलांनीं आपापली वस्तु घरीं न्यावी, किंवा ज्याच्यासाठीं केली त्याला द्यावी, आणि ती वापरांत असावी. मग जुलैंत पावसाची झड लागली असतां सर्वांनीं ती पुन्हां शाळेंत आणावी. दमट हवेंत झांकण उघडतें कीं नाहीं, बुरशी आली कीं नाहीं, आंत कांहीं ठेविलेलें आहे कीं नाहीं, एवढें पाहून मग क्रमांक लावावे. ज्यांच्या वस्तु मोडल्या असतील, त्यांनींही त्या अवश्य आणाव्या. कोठें फाटली हें पाहूनच तर पुढची करावयाची.

बटणांची ती पेटी पहिल्या मेजावर असावी अशी आमची फार इच्छा होती. म्हणून परवां दुकानांत जाऊन आम्हीं ती एका दिवसापुरती मागितली. शिंपी हंसून म्हणाला, "गुरुजी, न्यायला माझी हरकत नाहीं. पण दिवसभर बटणें कशांत ठेवूं?" तेव्हां मुलांनाच दुकानांत घेऊन जावें लागेल असें दिसतें.