सगळ्या अमिबांना एका डब्यात कोंबू नका!

इंजिनीअरिंगच्या मॅगझिनमध्ये अमिबा कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. पण मी खारबावची. आमच्या वसई-दिवा गाडीत सगळे एकमेकांना चिकटून उभे असतात, म्हणून काय सगळे एका घरातले होतात? अमिबांच्या बाबतीत शास्त्रज्ञ बरीच वर्षं असंच धरून चालले होते.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं ते असं : एकच पेशी, ठरलेला आकार नाही, सूडोपोडिया (मराठीत छद्मपाद) पुढे काढून सरकायचं आणि त्यांनीच भक्ष्याला वेढून गिळायचं. असे जे जे दिसले ते सगळे ‘सार्कोडिना’ या एका गटात टाकले गेले. पुढे जनुकं तपासली आणि हा डबा फुटला! छद्मपाद वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आले आहेत. पुस्तकातला अमिबा प्रोटिअस ‘अमिबोझोआ’ गटातला, त्याचे छद्मपाद बोथट, बोटांसारखे. समुद्रात आणि खाडीच्या चिखलात राहणारे, बहुतेक चुन्याचं कवच बांधणारे फोरॅमिनिफेरा ‘रायझेरिया’ गटातले, त्यांचे छद्मपाद बारीक जाळ्यासारखे. आणि ‘मेंदू खाणारा’ निग्लेरिया तिसऱ्याच कुळातला, युग्लीनाचा चुलतभाऊ. गंमत म्हणजे अमिबा प्रोटिअस फोरॅमिनिफेरापेक्षा तुम्हा-आम्हाला जास्त जवळचा आहे!

“मग आम्हाला काय त्याचं?” सांगते. २०२४ आणि २०२५ साली केरळात अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले. अशी बातमी आली की पहिला प्रश्न असतो, पाणी प्यायचं की नाही? पण निग्लेरिया पिण्याने बाधत नाही. कोमट गोड्या पाण्यात डुंबताना तो नाकातून शिरतो, आणि योग्य प्रमाणातल्या क्लोरिनने मरतो. याउलट आव पाडणारा एन्टअमिबा हिस्टोलिटिका तोंडावाटेच पोटात जातो. त्याच्या कवचबंद सिस्टना नळाच्या पाण्यातलं नेहमीचं क्लोरिन पुरत नाही. तिथे पाणी नीट गाळायला हवं, नाहीतर उकळायला हवं. नाव दोघांचंही अमिबा, पण उपाय वेगळे.

त्यातही एन्टअमिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊ आहे. त्याची सिस्ट मायक्रोस्कोपखाली अगदी हिस्टोलिटिकासारखी दिसते. तो वेगळा आहे असं ब्रुम्प्ट यांनी १९२५ सालीच म्हटलं होतं. ते नीट मान्य व्हायला १९९३ उजाडलं! तोपर्यंत किती जणांनी उगाच औषधं घेतली असतील, विचार करा.

म्हणून माझं स्पष्ट मत : सिव्हिलच्या पाणीपुरवठ्याच्या विषयात यावर एक तरी लेक्चर हवं. उद्या गावोगावच्या पाणी योजना आपल्यापैकीच कुणीतरी डिझाईन करणार आहे. ‘पाणी शुद्ध केले’ एवढं लिहून व्हायवात मार्क मिळतील, पण कशापासून शुद्ध केलं हे माहीत नसेल तर पावसाळ्यात पोट बिघडणार ते गावाचं.